मत पडेपर्यंत

आजीने बोटावरची शाई फुंकून वाळवली आणि वळून म्हणाली, "झालं ना माझं? आता यांना घेऊन चला."

यांना म्हणजे आजोबांना. मतदान केंद्र म्हणजे बेटावरची जाळी ठेवायची जुनी खोली. तिच्या दारातून समोरच्या घराची ओसरी दिसत होती आणि ओसरीवरच्या खाटेवर आजोबा एका कुशीवर पडले होते. पहाटेपासून छातीत कळा येत होत्या. आता ओठ निळे दिसू लागले होते.

बेटावर हे दोघंच उरले होते. बाकीची घरं समुद्राने नेली, माणसं पोटाने नेली. पण मतदार दोन असले तरी केंद्र हवंच, म्हणून अधिकारीबाई मोठ्या बोटीने यंत्र घेऊन आल्या होत्या. एरवी त्या शाळेत दुसरीच्या मुलांना शिकवत. त्यांची बोट ओहोटीला वाळूत रुतली होती, ती संध्याकाळच्या भरतीलाच हलणार होती. दवाखान्याची बोटही तेव्हाच येणार होती. पाण्यावर तरंगत होत्या फक्त दोन लहान होड्या. एक दिवा निशाणीच्या पक्षाची, एक छत्री निशाणीच्या पक्षाची. त्या पक्षांचे दोन एजंट खोलीतल्या एकाच बाकावर, मध्ये हातभर जागा सोडून बसले होते.

"कोणाच्याही होडीतून न्या," आजी म्हणाली. "समुद्र काही पक्ष विचारत नाही."

दिवेवाला पटकन उठला. छत्रीवाला म्हणाला, "अहो, थांबा," आणि खाली बघत राहिला. आजोबांना न्यावं असं त्यालाही वाटत होतं. त्याच्या बापाची जाळी आयुष्यभर आजोबांनीच सांधली होती.

अडचण होती मतदारसंघाची. किनाऱ्यावरची मच्छीमारांची वस्ती दिव्याची. टेकडीवरच्या नव्या इमारतींत निवृत्त होऊन राहायला आलेली माणसं छत्रीची. वस्तीतली तरुण मुलं कामाला बाहेरगावी जात, टेकडीवरची म्हातारी माणसं देवाघरी जात, आणि तराजू कधी इकडे झुके, कधी तिकडे. एकदा दिवा, एकदा छत्री. गेल्या वेळी छत्री नऊ मतांनी आली. पण पक्षाच्या होडीतून मतदार आणल्याचा फोटो कोणीतरी काढला होता. कोर्टाने निवडणूकच रद्द केली. म्हणून आज पुन्हा मतदान होतं, आणि जो तो ताकसुद्धा फुंकून पीत होता.

अधिकारीबाईंनी वरच्या साहेबांना फोन लावला. दोघा एजंटांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"पक्षाच्या होडीत मतदार? नावसुद्धा काढू नका, बाई."

"साहेब, माणूस हातचा जातोय."

"मग मत टाकून घ्या लवकर. मत पडेपर्यंत तो मतदार. मत पडलं की साधा माणूस. मग कोणीही खुशाल न्या."

"मत द्यायचं नाही, असं लिहून घेतलं तर?"

"आणि सहाच्या आत त्याचा विचार बदलला तर?"

"मग दोघं मिळून न्या की," आजी एजंटांना म्हणाली. दोघांनी बाहेर जाऊन आपापल्या माणसांना फोन केले. दोघेही मान हलवत परत आले. दोन्हीकडून एकच उत्तर आलं होतं, समोरचा फोटो काढेल.

"चला," ओसरीवरच्या खाटेवरून आजोबांचा आवाज आला, "या दोघांचं एकदा तरी जमलं."

नियमाने यंत्र टेबलावरून हलवता येत नव्हतं. म्हणून दिवेवाल्याने खाट डोक्याकडून धरली, छत्रीवाल्याने पायांकडून. आजी मध्ये आजोबांचा हात धरून चालली. खोलीत आणून त्यांना खुर्चीत बसवलं. बाईंनी त्यांच्या बोटाला शाई लावली आणि खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशामागे सरकवली.

"बाबा, फक्त एक बटण," बाई हळूच म्हणाल्या, वर्गात म्हणत तशा. मग इतरांकडे बघून म्हणाल्या, "आता सगळ्यांनी पाठ करा. आजी, तुम्हीसुद्धा."

"मी बायको आहे त्यांची."

"हो आजी. पण मत गुप्त असतं."

चौघंही भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर जुन्या जाळ्याचा एक तुकडा खिळ्याला अडकला होता. आजी त्याच्या गाठींकडे बघत राहिली. त्या आजोबांच्याच हातच्या होत्या. बटण दाबलं की यंत्र लांब वाजतं, हे तिला माहीत होतं. ते वाजेना.

छत्रीवाल्याने किल्ली खिशातून काढून हातात धरली होती, होडीच्या इंजिनाची. दिवेवाल्याने चपला आधीच काढल्या होत्या, पाण्यात उतरायला.

"अहो," आजी भिंतीला म्हणाली, "कुठलंही दाबा. या वेळी नाही भांडणार मी."

समुद्राचा आवाज येत होता. यंत्राचा नाही.

"बाई, वळू का?"

उत्तराची वाट न बघता आजी वळली.

आजोबांची मान छातीवर टेकली होती. शाई लावलेलं बोट टेबलावर होतं, बटणांपासून वीतभर अलीकडे.

 मग दिवेवाल्याने त्यांना खांद्यांकडून उचललं, छत्रीवाल्याने पायांकडून. दोघांनी कोणालाही फोन केला नाही. पाण्यात उतरून जी होडी जवळ होती तिच्यात त्यांनी आजोबांना अलगद निजवलं.

आजी काठावर थांबली. तिने अधिकारीबाईंकडे पाहिलं.

"बाई," तिने विचारलं, "आता चालतं?"