अंधाराचा सिनेमा

"आज तोच हाय ना रं, भुताचा?" सिंधूबाईंनी तिकिटाच्या खिडकीत तोंड घालून विचारलं.

"व्हय काकू, तोच," आतून उत्तमराव म्हणाला. "पण आज पाहून घ्या पोटभर. उद्या ह्या सिनेमाची पेटी परत चालली. रंगीत येऊन राहिला, गाण्याचा न् मारामारीचा."

सिंधूबाईंनी पदराच्या गाठीतले पैसे सोडून खिडकीत सारले.

हिंगोलीच्या या थेटरात जुना भुताचा सिनेमा लागला की त्या गोरेगावहून हमखास यायच्या. जीपमध्ये कोंबून घेऊन, लोकांच्या कोपरांचा मार खाऊन. उत्तमराव चेष्टा करायचा, "हडळीवर एवढा जीव काहून वो काकू?"

"हडळ काहून म्हनतू तिला? वाट पाहून राहिली बिचारी."

रंगीत सिनेमा त्यांनी एकदाच पाहिला होता. पडद्यावर ऊन पडलं की सगळं थेटर उजळायचं, शेजारच्या बाईच्या नाकातली चमकीसुद्धा दिसायची. मधूनच उठून आल्या. भुताच्या सिनेमात तसं नाही. पडकी हवेली, धुकं, मेणबत्ती घेतलेली पांढऱ्या साडीतली पोरगी, आणि बाकी सगळा अंधारच अंधार.

घरी भिंतीवर दिपालीचा फोटो होता, हार घातलेला. सकाळच्या जीपनं कॉलेजला गेलेली पोरगी परत आलीच नाही. जाळायला देह नव्हता. तिच्या बापानं, संपतरावांनी, कणकेची बाहुली करून नदीवर नेली, डोकं भादरलं, तेरवीला गाव जेवू घातलं. पण पिंडाला कावळा काही शिवला नाही. ऊन कललं तरी मेले बाभळीवरच बसून. "पोरीचा जीव कशात तरी अडकलाय," बाया कुजबुजल्या. त्या दिवसापासून त्या घरात तिचं नाव कुणी काढलं नाही. दोन माणसं, आणि बोलायला भांड्यांचा आवाज.

आज निघतानासुद्धा संपतराव बाजेवरून पुटपुटले, "कसला मेला एवढा नाद त्या भुताचा!" मग जरा वेळानं, दुसरीकडंच पाहत, "ती पोरगी... येती का शेवटाला परत?"

"येती की."

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सिंधूबाईंना त्यांची कीव आली आणि रागही आला.

बायकांच्या बाजूला आज चिटपाखरू नव्हतं. सिंधूबाई मागच्या ओळीत कोपऱ्यात बसल्या. मांडीवर फडक्यात बांधलेले धपाटे. दिवे गेले, नावांच्या पाट्या पडू लागल्या, आणि ओळखीच्या तेलाचा वास आला. शेजारची खुर्ची किंचित कुरकुरली.

"आलीस?"

"आले, माय."

हाताला हात लागला. रांजणासारखा गार. सिंधूबाईंनी तो दोन्ही तळव्यांत धरला, नजर मात्र पडद्यावरून हलवली नाही. पाहायचं नाही, हा नेम होता. सिनेमातही तसंच होतं. त्यातल्या हिरोनं कंदील वर धरला रे धरला की पोरगी नाहीशी. मग बसतो येडा धुक्यात हाका मारत.

"अण्णा कसे हायत?" कानाशी आवाज आला.

"हायत तसेच. तुहा फोटो पुसत्यात, मी न्हाई पाहून. नवा हार आणलाय. प्लास्टिकचा."

"टिकंल तेवढा," दिपाली म्हणाली. दोघी अंधारात खुदकन हसल्या, आणि हसता हसता सिंधूबाईंना रडू फुटलं.

"काय झालं, माय?"

"आजचा शेवटचा हाय गं हा सिनेमा. आता कुठं भेटायचं आपण? त्या घरात मी कुणाशी बोलू?"

पडद्यावर मेणबत्ती जिन्यानं वर चालली होती. तेवढ्यात फट्कन सिनेमाची पट्टी तुटली. पुढच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि थेटरातले सगळे दिवे लागले.

सिंधूबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. मुठीतला हात अजून तिथंच होता.

"ओ ताई," दारातून उत्तमरावचा आवाज आला, "तुमचे मालक लेकरू घेऊन भायेर उभे हायत. लई रडून राहिलंय ते."

"त्यायला म्हनावं, आलेच," दिपाली घाईनं उठली. "माय, डोळे मिटूनच ऱ्हाय. जातीबाहेर लगीन केलं म्हून अण्णांनी शपथ घातली ना तुला, माहं तोंड पाहायचं न्हाई म्हून."

सिंधूबाईंनी तिचा पदर घट्ट धरला.

"शपथ तुह्या तोंडाची हाय," त्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या. "लेकराच्या न्हाई. जा, आण त्याला माह्यापुढं."