राळेतली मुंगी

या मंडळी, सतरंजीवर पुढे सरकून बसा. उज्जैनच्या मुक्ताची गोष्ट आहे, हळूच सांगण्याजोगी.

नानाखेड्याच्या घरात अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, माई, रोज सकाळी विचारायच्या, "सूनबाई, मुंग्यांना साखर घातलीस?"

"घातली हो, माई," म्हणत मुक्ता ओट्यावर मुंग्या मारायच्या विषारी खडूची रेघ ओढायची. त्याच समाधानात माई गेल्या.

तेरावं झाल्यावर मुक्ताचा मुलगा पराग राळेचा, झाडाच्या दगड झालेल्या चिकाचा, पिवळा खडा घेऊन आला. आत चालता चालता थांबल्यासारखी एक मुंगी होती. "आई, ही जातच कधीची खतम झालीय. करोडो वर्षं बंद आहे बिचारी."

मुक्ताने खडा देवघरात ठेवला, पुढे चिमूटभर साखर ठेवली. "माई, आज खरंच घातली हो."

सकाळी साखर तशीच होती. मुक्ताने खडा उजेडात धरला आणि हाक मारली, "पराग, ही काल अशीच होती का रे?"

"पागल आहेस का, आई? आत हवासुद्धा जात नाही." हसत त्याने पाहिलं आणि हसू विरलं.

मुंगी पाय आखडून उताणी पडली होती. तोंडात खडूचा पांढरा कण होता.

मंडळी, सकाळी मुंग्यांना साखर घालाल, तेव्हा आमच्या माईंची आठवण असू द्या.