अर्धा आड

बोअरची गाडी गल्लीत येऊन उभी राहिली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला, आणि भिंतीच्या पलीकडून संताराम म्हणाला, "आड बुजू देनार न्हाई."

व्यंकटरावांनी कपाळावर हात मारून घेतला. डोंगरकडा गावातलं हे घर घेऊन त्यांना आठवडा झाला होता. मोजणी खात्यात तेहतीस वर्षं दुसऱ्यांच्या हद्दी लावून दिल्या आणि रिटायर झाल्यावर स्वतःच्या पदरात नेमका अर्धा आड पाडून घेतला. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. चाळीस वर्षांपूर्वी दोन भावांच्या वाटण्या झाल्या, मधोमध भिंत उठली आणि ती थेट आडाच्या डोक्यावरून गेली. अलीकडचा अर्धा थोरल्याचा, त्याच्या मागे त्याच्या बायकोचा, चतुराबाईचा. पलीकडचा धाकट्या संतारामचा. तेव्हापासून दीर-भावजयीत शब्द नव्हता. आता चतुराबाई घर विकून लेकीकडे सेनगावला गेली होती, आणि तिच्या वाट्याचं भांडण खरेदीखतात न लिहिताच व्यंकटरावांच्या नावावर झालं होतं.

परसात जागा होती, पण तिथवर गाडी जायला वाट नव्हती. अंगणात गाडी उभी राहील अशी जागा एकच, आडाची. म्हणजे आड बुजवल्याशिवाय बोअर नाही, आणि बोअर नाही तर विजयाही नाही. अकरा वर्षं भाड्याच्या खोलीत दोन जिने चढून पाणी वाहिलेल्या त्यांच्या बायकोनं स्वच्छ सांगितलं होतं, "स्वयंपाकघरातल्या नळाला धार लागेल त्या दिवशी मी उंबरा ओलांडीन. तोवर तुम्ही आणि तुमचं घर!"

"मामा, या जुनाट आडाचं आता करायचं काय?" व्यंकटरावांनी भिंतीला विचारलं.

"काहून बुजवायचा? बारमाही पानी हाय माझ्या अर्ध्याला!"

व्यंकटराव चपापले. घर बघायला आले होते तेव्हा ओसरीवर बसून त्यांनीही पाण्याचा आवाज ऐकला होता. रहाट कुरकुरला, बादली वर आली आणि चतुराबाईनं ढबाढबा पाणी ओतलं. खरेदीनंतर मात्र त्यांनी हौसेनं बादली सोडली, तर तिच्यात एक वाळकं पान आणि एक रुसलेला बेडूक वर आला. फसलो हे कोणाला सांगायची सोय नव्हती. आज लाज बाजूला ठेवून त्यांनी फोन लावला.

"मावशी, आडाला पाणी कुठंय?"

"आटून धा वर्सं झाली की," चतुराबाई शांतपणे म्हणाली. "तुमी बोअरच पाडनार म्हनले, म्हून म्या बोलले न्हाई."

"मग त्या दिवशी ओतलंत ते?"

"हापशाचं. घागर भरून ठिवायची. आडात बादली सोडायची, वर वढायची अन् घागर वतायची. पल्याड आवाज गेला पायजे. वहिवाट मोडली तर आड त्याचा व्हईल ना!"

व्यंकटरावांना एकदम बळ आलं. एकाच आडाला एका बाजूनं कोरड आणि दुसऱ्या बाजूनं बारमाही पाणी, हे मोजणी खात्यातही कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात पलीकडचा रहाट वाजला. त्यांनी कठड्यावर आडवं होऊन भिंतीखालून मान घातली. संतारामची बादली हेलकावे खात वर गेली. खडखडीत कोरडी. म्हाताऱ्यानं ती बाजूला ठेवली, शेजारची घागर उचलली आणि मोठ्या इमानदारीनं ओतायला सुरुवात केली.

"मामा! कोरडी आहे तुमची बादली!"

पाण्याचा आवाज थांबला.

"व्हय," संताराम म्हणाला. "धा वर्सं झाली."

"मग अडवता कशाला?"

ड्रायव्हरनं आणखी एक हॉर्न दिला. मग म्हातारा भिंतीजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बादली वाजली की समजायचं, वहिनी उठली. आता आठ दिस झाले, तिकडून काय बी वाजत न्हाई. बरी हाय ना ती लेकीकडं?"

वहिवाटीचा सगळा कायदा व्यंकटरावांच्या ओठावर होता, तो तिथंच राहिला. "बऱ्या आहेत," एवढंच ते म्हणाले.

"मंग गाडी माझ्या अंगनातून परसात घ्या. मधली भिंत मागल्या अंगाला पाडा लागंल तेवढी. तकलीफ न्हाई. पर आडाला हात लावायचा न्हाई."

विटेविटेसाठी चाळीस वर्षं भांडलेल्या माणसानं दुपारी स्वतःच्या हातानं पहार घालून भिंत पाडली. परसात दोनशे साठ फुटांवर पाणी लागलं. चौथ्या दिवशी नळाला धार आली आणि विजयानं उंबरा ओलांडला. तिनं आधी नळ सोडला, मग देवाला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव चहा घेत होते, तोच फोन वाजला.

"बुजवला का आड?" चतुराबाईचा आवाज होता.

"नाही मावशी. तसाच आहे."

"अन् त्यो पल्याडचा? खाडे करून ऱ्हायला असंल आता. रान मोकळं झालं ना त्याला!"

"नाही हो. रोज ओततात."

"फोन आडावर धरा जरा," ती म्हणाली.

व्यंकटराव कपबशी ठेवून उठले आणि त्यांनी हात लांबवून फोन आडावर धरला. रहाट कुरकुरला. बादली तळाला जाऊन आपटली, वर आली आणि पलीकडे घागर ढबाढबा रिकामी झाली.

फोनमध्ये चतुराबाईनं नाक ओढलं.

"मुडद्याच्या हातात आजून जोर हाय," ती म्हणाली. "उंद्या बी ह्याच टायमाला धरा."