काळा धूर

१९८४ साली बळवंतची जुनी टॅक्सी काळा धूर ओकत मुलुंडला गुणाजीच्या गॅरेजात आली. गुणाजीने प्लग काढून पाहिला, तर तो काजळीने माखलेला. मग त्याने कार्बोरेटर तपासला आणि कपाळावर हात मारला.

"अरे, पेट्रोल जास्त आणि हवा कमी जातेय. कुठल्या गाढवाने हा स्क्रू एवढा फिरवून ठेवलाय?"

"मीच," बळवंत म्हणाला. "थंडीत गाडी चटकन सुरू व्हायची नाही. जानकीला दम्याचा झटका यायचा तो नेमका पहाटे. तिला हॉस्पिटलात न्यायचं म्हणजे गाडी तयार नको?"

गुणाजी वरमला. हा माणूस एवढं पेट्रोल का जाळत होता, ते त्याला आत्ता कळलं. त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"मग राहू दे रे असंच. वहिनींपेक्षा पेट्रोल मोठं आहे का?"

"नको. नीट करून टाक." बळवंत बॉनेटला धरून उभा राहिला. 

"मागच्या महिन्यात गाडी पहिल्या सेल्फलाच सुरू झाली रे. जानकीच थांबली नाही."