रिकामा खिळा

"आधीच सांगून ठेवतो, नळी कापायचं मला पटलेलं नाही," असं म्हणत व्हर्लन पिकेटने वडिलांची बंदूक मेहुण्याच्या टेबलावर ठेवली. एकनळी, बारा बोअरची, नळी बत्तीस इंची. अलाबामातल्या त्या भागात एवढी लांब नळी दुसऱ्या कोणाकडे नव्हती, आणि हे माहीत नसलेला माणूसही त्या भागात उरला नव्हता.

"पटवून घेऊ नका, दाजी. नुसती धरून दाखवा," डब यारब्रो म्हणाला. बंदुका दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि बोलणं हा छंद. वेळ मिळाला की तो धंदाही करायचा. त्याने बंदूक उघडली, आत काडतूस नाही ना ते पाहिलं आणि ती परत दिली.

व्हर्लनने ती खांद्याला लावून भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्यावर नेम धरला. नळीचं टोक आधी हरणाच्या डोळ्यावर होतं, मग नाकावर, मग खालच्या कॅलेंडरवर. नळी पेलणाऱ्या डाव्या खांद्याने मध्येच राजीनामा दिला होता.

"नोव्हेंबर ठार," डब म्हणाला.

व्हर्लनची बायको अर्लीन कोपऱ्यातल्या स्टुलावर कागदी पिशवीतल्या उकडलेल्या शेंगा खात बसली होती. "तीन हंगाम झाले," ती भावाला म्हणाली, "कुत्री हरीण याच्या पुढ्यात आणून घालतात आणि हा बारच काढत नाही. म्हणतो, टप्प्यात नव्हतं."

"नव्हतंच."

"एक तर तुझ्या बुटावर पाय देऊन गेलं."

त्यांच्या शिकारी कॅम्पचा नियम जुना आणि निर्दय होता. बार काढून हरीण चुकवलं, की सगळ्यांसमोर त्या माणसाच्या शर्टाची मागची लोंबती शेपटी कापायची, तिच्यावर नाव लिहायचं आणि ती भिंतीवरच्या त्याच्या खिळ्याला टांगायची. डबच्या खिळ्यावर एवढे तुकडे होते, की त्यांची गोधडी झाली असती. व्हर्लनचा खिळा एकेचाळीस वर्षं रिकामा होता. कॅम्पवर पाहुणा आला की तो आधी खिळा दाखवायचा, मग संडास. न काढलेल्या बाराबद्दल नियमात काही म्हटलेलं नव्हतं.

डबने बंदूक बंद केली, नळीच्या तोंडातून एक लाकडी काठी आत टेकेपर्यंत सोडली आणि तिच्यावर खूण केली. "कायदा ऐका. मोजायचं ते असं, आतून. नळी अठरा इंचांच्या खाली गेली, तर आधी वॉशिंग्टनहून परवानगी लागते. ती नसेल तर मी तुरुंगात, तुम्ही तुरुंगात आणि ताई एकटी शेंगा खात बसेल."

"बसेन," अर्लीन म्हणाली.

"दस्त्यासकट अख्खी बंदूकही सव्वीस इंचांच्या खाली चालत नाही. अठराच्या काठावर कापणारे शहाणे मग वकील शोधत फिरतात. मी बावीसवर कापतो. म्हणजे सरकारलाही झोप लागते आणि मलाही."

"आणि बाराचा पल्ला?"

डब पहिल्यांदाच जरा थांबून बोलला. "तिथंच गोम आहे. या नळीचं तोंड शेवटच्या दोन-तीन इंचांत आवळलेलं आहे, म्हणून छर्रे एकत्र जातात. ते तोंड गेलं की फाकतात. तुमचे वडील चाळीस यार्डांवरचं हरीण पाडायचे. तुम्ही पंचविसाच्या पुढे बार काढू नका. टोकावरची नेमाची माशी नवी बसवावी लागेल. विकायला गेलात तर निम्मी किंमत. आणि कापलेली नळी परत वाढत नाही, दाजी. ती काही मिशी नव्हे."

"म्हणजे मी चुकणार."

"कधीतरी चुकालच. माणसं चुकतात. मी तर न चुकता चुकतो."

"नाहीतर घरी शेकोटीच्या वर टांग," अर्लीन म्हणाली. "वर बंदूक लांबच्या लांब, खाली खुर्चीत तू. दोघंही शोभून दिसाल. खिळाही कोरा राहील."

व्हर्लनने नळीवरून बोट फिरवलं, पार टोकापर्यंत. मग डबच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली, काठी नळीला लावली आणि बावीस इंचांवर स्वतः खूण केली.

"काप."

करवत चालली तोवर तो हरणाच्या मुंडक्याकडे पाहत होता. तुकडा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. त्याने मान वळवली नाही. डबने कापलेली कड कानशीने सरळ केली, नळी आतून पुसली, नवी माशी बसवली आणि बंदूक त्याच्या हातात दिली.

व्हर्लनने ती खांद्याला लावली. टोक हरणाच्या डोळ्यावर गेलं आणि तिथेच राहिलं. अर्लीनच्या तोंडातली शेंग तशीच राहिली. डब काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. त्या दुकानात असं पूर्वी घडलेलं नव्हतं.

"आता खाली घ्या, दाजी," शेवटी तो म्हणाला. "ते बिचारं हरीण दुसऱ्यांदा मरेल."

निघताना डबने दहा इंचांचा तुकडा पुढे केला. "हा न्या. तुमच्या खिळ्याला टांगा."

"त्या खिळ्याला काय टांगायचं, त्याचे नियम आहेत," व्हर्लन म्हणाला.

बाहेर अर्लीनने ट्रक सुरू केला. "घरी?"

"आधी बाजारात. शर्ट घ्यायचाय."

"कपाटभर आहेत."

"ते विटलेत. भिंतीवर उठून दिसायचे नाहीत." त्याने बंदूक मागे नीट आडवी ठेवली आणि दार लावून घेतलं. "लाल बघू. मागून चांगला लांब."