सागवानाची खुंटी

पेटी उलटी करायची वेळ आली तेव्हा प्रणोतीनं भाऊरावांना पुन्हा एकदा बजावलं, तळाच्या फळीला आत्ताच पॉलिश पेपर लावायचा नाही. आधी पाहायचं.

"काय पाहायचं?"

"कॅसेट. बाबा म्हणाले होते, खाली आहे."

भाऊरावांचा हात थांबला. "असं म्हणाला अंबादास?"

"दवाखान्यात. मी विचारलं, आईची कॅसेट कुठं आहे, तर म्हणाले, 'कॅसेट खाली आहे, बेटा.' आणि तोंड भिंतीकडं केलं."

भाऊराव तिच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मग असंल," आणि पेटीला हात दिला.

फॅक्टरीच्या सुतारखात्यात भाऊराव आणि अंबादास तीस वर्षं शेजारच्या बाकांवर होते. ही स्टिरिओची पेटी दोघांनी मिळून बांधलेली. अस्सल सागवान, कुठंही प्लायवूड नाही. एका खणात रेकॉर्ड वाजायची, दुसऱ्यात कॅसेट. दर दसऱ्याला बाबा तिला पॉलिशचा हात द्यायचे. शेवटची सात-आठ वर्षं तेही राहिलं होतं. बाबा गेल्यावर महाराजपूरच्या घरात आता तेवढी एकच वस्तू होती, जी प्रणोतीला टाकवत नव्हती आणि पाहवतही नव्हती.

पेटी उलटी झाली. मागच्या कोपऱ्यात कॅनव्हासचा एक खिसा बारीक खिळ्यांनी ठोकलेला होता. आत प्लास्टिकच्या पिशवीत कॅसेट होती. वर बाबांच्या अक्षरात एकच शब्द: विभावरी.

प्रणोती खाली फरशीवर बसली.

आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. आईचा चेहरा फोटोत होता. आवाज कुठंच नव्हता. आई गायची, एका दुपारी बाबांनी तिची गाणी भरून ठेवली होती, हे तिला मावशीकडून कळलं. लग्नाच्या वेळी तिनं कॅसेट मागितली. बाबा म्हणाले, पाहू. मुलगी झाली तेव्हा पुन्हा मागितली, अंगाईसाठी. बाबा म्हणाले, फीत जुनी आहे, तुटंल. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा ते उठून अंगणात गेले. त्यानंतर चार वर्षं ती माहेरी आली नाही. आईवर काय यांचाच हक्क होता? एवढंच तिनं नवऱ्याला विचारलं होतं.

स्टिरिओचं यंत्र तिनं कमानिया गेटजवळच्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडं टाकलं. पट्टे बदलायला चार दिवस लागणार होते. त्या चार दिवसांत पेटी झाली पाहिजे, असं तिनं ठरवलं. आई मळक्या पेटीतून बोलणार नव्हती.

भाऊराव काचेच्या तुकड्यानं जुनं पॉलिश खरवडायचे, ती मागून पॉलिश पेपर फिरवायची, लाकडाच्या रेषेरेषेनं. मग लाख. स्पिरिटमध्ये भिजवलेली, कापसाच्या पोटलीनं हात हलका ठेवून लावायची. थांबली पोटली की डाग पडलाच. तिसऱ्या दिवशी भाऊरावांनी लाखेची रिकामी बाटली उजेडात धरली.

"खाली झाली ही. बडा फुहाऱ्याच्या दुकानातून दुसरी आणतो."

कॅसेटच्या खणाशी सहा बटनांच्या भोकांची रांग होती. पाच काळी बटनं यंत्राबरोबर गेली होती. सहाव्याच्या जागी सागवानाची खुंटी, इतकी घट्ट बसवलेली की नख जात नव्हतं. लहानपणापासून ती तशीच होती. प्रणोतीला वाटायचं, रेकॉर्डिंगचं बटन तुटलं असेल. ती काढायला तिनं पटाशी उचलली.

"तिला नको हात लावू," भाऊराव म्हणाले.

"काहून?"

"अंबादासनं बसवली. राहू दे."

"प्रत्येक गोष्ट त्यांनीच बसवली, काका, आणि प्रत्येक गोष्टीला हात लावायची मनाई. पहिलीत होते तेव्हापासून ह्या पेटीला शिवू दिलं नाही मला. माणूस लाकडाला जपतो इतकं, पोरीला नाही."

खुंटीवर भाऊरावांनी स्वतःच्या हातानं लाख चढवली, एकदा, दोनदा.

चौथ्या दिवशी यंत्र आलं. पेटी मधासारखी चमकत होती. भाऊराव म्हणाले, पेटी झाली, तेवढं पुरे आहे, आता ते वाजवायचं कशाला. ती ऐकणार नव्हती. फीत मध्यावर थांबलेली होती. यंत्रानं मागं ओढली तर तुटेल या भीतीनं तिनं कॅसेट होती तशीच लावली.

खरखर.

ती वाट पाहत राहिली. खरखर संपली, बटन आपोआप वर आलं. दुसरी बाजू लावली. तिथंही तेच, बराच वेळ.

भाऊराव रिकाम्या बाटल्या पिशवीत भरत होते. "अंबादासनं सांगितलं होतं न तुला," ते वर न पाहता म्हणाले. "खाली आहे म्हणून."

खाली, म्हणजे रिकामी. लाखेच्या बाटलीसारखी.

"पुसली," ती म्हणाली. आवाज सपाट होता. "त्यांनी आईला पुसून टाकलं, आणि तीस-पस्तीस वर्षं लपवून मला 'पाहू' म्हणत राहिले."

"जाऊ दे, बेटी."

"तुम्हाला माहीत होतं."

"मागं नको जाऊ. बंद कर ते."

तिनं कॅसेट काढली, पहिली बाजू वर केली, चाकात पेन्सिल घातली आणि फीत हातानं फिरवू लागली, हळूहळू, अगदी सुरुवातीपर्यंत. पुसणाऱ्यानं काही तरी मागं ठेवलं असेल. खोकला, पायांचा आवाज, काहीही. ते तिला ऐकायचं होतं.

तिनं बटन दाबलं. काहीतरी खट्‌ झालं, कुणीतरी माइकजवळ श्वास घेतला, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीचा आवाज आला:

"हॅलो, आई? मी प्रणोती बोलून राहिले. तू नुसती गाऊन राहते, माझ्याशी बोलतच नाही, म्हणून मी लाल बटन दाबलं. आता तू बोल."