हिराजी नाखवांची विद्या

विद्या उतरवून घेणाऱ्या दोन्ही टोप्यांवरचे दिवे विझले आणि ऊर्जिताची बोटं सरसर जाळं विणू लागली. कालपर्यंत तिला बुटाची नाडीसुद्धा धड बांधता येत नव्हती. वारसा पथकातला हा तिचा सहावा बिल्ला. सातवा मिळाला की ती पथकप्रमुख होणार होती.

"आता ही आपल्या वेण्यासुद्धा जाळ्यात विणेल," पथकातली शाल्मली म्हणाली.

दुसरी टोपी डोक्यावर असलेले हिराजी नाखवा कौतुकाने हसले. "दे बाय, गाठ कशी आवळायची ते दावतो," म्हणत त्यांनी लाकडी सुई हातात घेतली. उलटी धरली, सुलटी धरली. सत्तर वर्षं जाळी विणलेला तो माणूस हळूच म्हणाला, "ह्यानं काय करतात गो?"

ऊर्जिता ताईंकडे वळली. "ताई, तुम्ही तर म्हणाला होतात, नुसती नक्कल होते."

"विद्या एका वेळी एकाच डोक्यात राहते," पथकाच्या ताई यादीवर खूण करत म्हणाल्या. "त्यांच्याबरोबर संपण्यापेक्षा तुमच्याकडे आलेली बरी."

"मग त्यांना परत द्या ना."

"देते की. बिल्ला काढून ठेव."

ऊर्जिताचा हात बिल्ल्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

ताईंनी यादीवरची पुढची ओळ वाचली. "बरं, नाखवांचं उधाणात पोहणं अजून बाकी आहे. कोण घेतंय?"

नाखवा उद्या पहाटे होडी घेऊन समुद्रात जाणार होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आठ हात वर झाले. सगळ्यात उंच हात ऊर्जिताचा होता.